राहिलेला गोल

डावरे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. खोक्यांच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मुकादमाने त्यांना डाव्या हातात कात्री धरताना पाहिलं, "ए डावरे, इकडे ये" अशी हाक मारली, आणि नाव पडलं ते पडलंच. लग्नानंतर काही जण त्यांच्या बायकोलाही डावरेबाई म्हणू लागले. बाई चांगल्या उजव्या होत्या. पण बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार, आणि लावायचाच तर कुठला?

शाळेत असताना गुरुजींनी पट्टीच्या जोरावर त्यांचा लिहायचा हात बदलला होता. पट्टीची सत्ता वहीपुरतीच असल्यामुळे सही उजवीकडे गेली आणि बाकीचा माणूस डावीकडेच राहिला. कात्री मात्र बाजारात एकाच हाताची मिळायची. उजव्यांसाठी केलेली कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकं रेघेच्या आड येतं आणि कापणाऱ्याला कापायचं तेवढं सोडून बाकी सगळं दिसतं. यावर डावरेकाकांनी स्वतःपुरता उपाय काढला होता. मान डावीकडे कलती करायची, पात्यावरून पलीकडे डोकवायचं आणि जिभेचं टोक बाहेर काढायचं. जीभ कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण तिच्याशिवाय कात्री चालत नसे. बुटांची, बटणांची, दिव्यांची नवी खोकी निघायची तेव्हा नमुना आधी काकांच्या हातून कापला जाई, आणि तो कधी केसभरही चुकत नसे. मुकादम म्हणायचा, "काम देवासारखं आहे, पण बघवत नाही." बाई म्हणायच्या, "हे कापत नाहीत, शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावतात."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाई बालवाडी चालवत. सकाळी चटया अंथरल्या की खोलीची शाळा व्हायची, दुपारी गुंडाळल्या की शाळेची पुन्हा खोली. कारखाना मागच्याच गल्लीत होता. अकराच्या सुट्टीत बाकीचे कामगार चहाच्या टपरीवर जात. काका पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या कातरणाची पिशवी खांद्याला लावून घरी येत. पोरं "काका आऽऽले" असा गिल्ला करत. घरात स्वतःचं मूल नव्हतं. त्याबद्दल बोलायचं नाही, असं दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

कातरणामुळेच ते कात्रीचे मास्तर झाले. बाईंना गाणी, गोष्टी, अक्षरं, नाकं पुसणं सगळं जमायचं. पण वीस पोरांच्या हातात कात्र्या देऊन शांत बसायचं म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा. काकांचा सुटायचा नाही, कारण कात्री हातात द्यायची घाईच त्यांना नसे.

"आधी फाडू दे," ते म्हणायचे. एका खोक्याला तोंड कापून त्यांनी त्याची शेळी केली होती. पोरांनी दोन्ही अंगठे जवळ आणून कागदाच्या लांब पट्ट्या फाडायच्या आणि शेळीला गवत म्हणून घालायच्या. शेळी दिवसभर खायची आणि कधी तृप्त व्हायची नाही. मग कपड्यांचे चिमटे यायचे. ते खोक्याच्या काठावर ओळीने लावले की साळिंदर व्हायचं. एकेक काटा दाबून लावायचा, दाबून काढायचा. पोरांना वाटायचं आपण साळिंदर करतोय. खरं म्हणजे तीन बोटांची तालीम चाललेली असायची. मग मातीचे साप वळायचे आणि ते बोथट कात्रीने कापायचे, कारण माती कागदासारखी पळून जात नाही. मग सरबत प्यायच्या नळ्या. नळीचा तुकडा कापला की टुणकन उडतो, कुणाच्या तरी डोक्यावर पडतो आणि सगळा वर्ग पाच मिनिटं कामातून जातो. उडालेले तुकडे गोळा करून दोऱ्यात ओवले की माळ. "आपल्याकडे काही फुकट जात नाही," काका सांगायचे, "वेळ सोडून."

कात्रीचं नाव सुसर. सुसरीच्या वरच्या मजल्यावर अंगठेराव एकटेच राहतात, खालच्या मजल्यावर दोन भाऊ भाड्याने. अंगठेरावांनी कायम आभाळाकडे बघायचं. ते खाली बघायला लागले की घर उलटं झालंच म्हणून समजा. सुसर बसून जेवते, चालताना तोंड मिटून ठेवते, आणि तिला केसांचं पथ्य आहे. हे शेवटचं कलम मागाहून घालावं लागलं. पुठ्ठ्याच्या सिंहाची आयाळ कापण्याच्या दिवशी एका होतकरू न्हाव्याने सिंह संपवून शेजारणीची वेणी घेतली होती.

सुरुवातीची पट्टी इतकी अरुंद असायची की एका घासात तुकडा पडावा. मग दोन घासांची. मग दोन जाड रेघांमधला रस्ता, त्यावरून सुसर घरी जाते. रस्ता दर आठवड्याला बारीक होत जायचा, जगात होतो तसाच. मग कोपरे. आणि सगळ्यात शेवटी गोल.

गोलापाशी भलेभले अडायचे. पोरं कात्रीच वळवायला जायची, मनगट मुरगळायचं, कोपर आभाळात जायचं. काका सांगायचे, "सुसरीची मान वळत नाही रे बाबा. ती नाकासमोर चालते. रस्ता वळवायचा." म्हणजे कात्री जागच्या जागी, आणि दुसऱ्या हाताने कागद हळूहळू फिरवायचा. हे सगळं काका पोरांच्या समोर मांडी घालून, स्वतः कापून दाखवत. समोरच्याचा डावा हात तो आपला उजवा, असं पोरांना आरशासारखं सोपं जायचं. बाईंनाही त्याचं कौतुक वाटायचं. गुरुजींच्या पट्टीने जे मोडायला घेतलं होतं ते इथे कामाला आलं म्हणून काकाही मनातून सुखावले होते. माणूस सुखावला की कुठे चुकतंय ते दिसत नाही.

बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी त्यांच्याकडे राहायला आली ती याच काळात. धाकटीचा नवरा दूर गेला होता; आधी कामासाठी, मग कायमचा. धाकटीला दुसऱ्या गावी नोकरी लागली, तिथे बायकांच्या वसतिगृहात पोरांना मज्जाव होता. "ताई, थोडे दिवस," ती म्हणाली. थोडे दिवस म्हणजे दोन वर्षांच्या वर झाले.

पोरगी आली तेव्हा तीन वर्षांची होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी खोलीभर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी. फिरायची आणि फिरून दाराशी जायची. दाराच्या कडीला लोंबकळून रस्त्याकडे बघायची. जेवण, झोप, अंघोळ, सगळं कडीपासून सोडवून आणून करावं लागे. खेळणी दिली तर फेकायची. बाईंनी इतक्या पोरांना वळण लावलं होतं, पण या पोरीपुढे त्यांनी हात टेकले. काकांनी काही केलं नाही. ते दाराशेजारी बसले आणि कागदाच्या पट्ट्या फाडून शेळीला घालू लागले. दोन दिवस पोरगी बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिचं पोट दुखेल."

"मग काय करू?"

"थांब. मी बारीक करून देते."

कडी सुटली ती अशी. पुढे साळिंदर झालं, साप झाले, माळा झाल्या. बाईंच्या गळ्यात, दाराला, पाण्याच्या माठाला, सगळीकडे नळ्यांच्या माळा. काका कारखान्यातून यायच्या वेळी ती उंबऱ्यावर कात्रीची दोन पाती मुठीत धरून, मूठ पुढे करून बसायची. देताना पाती आपल्याकडे, दांडी दुसऱ्याकडे, हा नियम तिने एकदा ऐकला तो ऐकला. "काका, आज सुसरीला भूक लागलीय." एकदा घाईत तिच्या तोंडून 'काका'ऐवजी 'बाबा' गेलं. काकांनी ऐकू न आल्याचं नाटक केलं आणि संध्याकाळभर तेच ऐकत राहिले.

सरळ रस्ते झाले, कोपरे झाले, गोल काढला. पुठ्ठ्यावर बशी उपडी ठेवून पेन्सिल फिरवली. भिंगरी कापायला बसली, काका समोर. अर्धा गोल झाला असेल, तेवढ्यात दारात धाकटी उभी. तिला नोकरीच्या गावात खोली मिळाली होती, पोरीला शाळेत जागा मिळाली होती, आणि परतीची गाडी त्याच दुपारची होती. आनंदाची बातमी होती. तिघांनी ती आनंदाचीच असल्यासारखी ऐकली.

"गोल पुरा करते," भिंगरी म्हणाली.

"पुढच्या वेळी कर हं बाळा, गाडी चुकेल."

पोरीने पुठ्ठ्यातून कात्री काढली, पाती मुठीत धरली आणि दांडी काकांपुढे केली. "पुढच्या वेळी," ती त्यांना समजावत म्हणाली.

अर्धा कापलेला गोल चार दिवस खिळ्याला होता. मग एका पोराने तो टोपी समजून घातला आणि घरी नेला. काकांनी नेऊ दिला. आठवणी जपायला बालवाडी ही काही बरी जागा नाही.

पुढच्या वर्षी एक बाप तक्रार घेऊन आला. "बाई, आमच्या पोराच्या मानेचं काहीतरी झालंय. जेवताना सरळ असतो, रंगवताना सरळ असतो. कात्री हातात आली की बगळा. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले मान ठणठणीत आहे, आणि तेवढं सांगायचे पैसे घेतले."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाईंनी चहा टाकला नाही. त्या मागच्या भिंतीशी स्टूल घेऊन बसल्या आणि पाहू लागल्या. एका बाजूला काका, मान डावीकडे, जीभ बाहेर. समोर पोरांची आख्खी रांग, माना उजवीकडे, जिभा बाहेर. फोटो काढून घ्यायला बसलेला बगळ्यांचा थवाच. बाई आधी हसल्या. हसून हसून डोळे पुसावे लागले. पोरं गेल्यावर मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही यांना कात्री नाही शिकवलीत. स्वतःला शिकवलंत."

"कापतात ना, मग बरं."

"कुठलं बरं? तुम्हाला रेघ दिसावी म्हणून मान वाकडी करावी लागते. त्यांना सरळ बसलं तरी दिसते. उलट मान तिकडे नेली की दिसत होती तीही झाकते. म्हणून तर सगळ्यांची कात्री रेघेबाहेर जाते. मला वाटायचं वय लहान आहे."

काकांनी कात्री उजव्या हातात धरून पाहिली, मान सरळ ठेवून पाहिली. रेघ लख्ख समोर होती. उजवी माणसं इतकी वर्षं ही चैन करत होती, आणि कुणी बोललं नव्हतं.

त्या दिवसापासून काका पोरांच्या समोर बसायचे बंद झाले. ते मागे बसत, गोष्ट सांगत, कागद वळवायला फक्त बोट लावत. पंधरवड्यात सगळ्या माना सरळ झाल्या. लहानपणी मान लवकर सरळ होते; मोठेपणी ताठ होते, तो वेगळा आजार. एक मान तेवढी राहिली. ती दुसऱ्या गावी होती.

काकांनी धाकटीला फोन लावला. "भिंगरीला सांग, कापताना मान सरळ ठेवायची. माझी चूक झाली."

"भाऊजी, इथे तिला ताप आलाय, मला रजा मिळत नाहीये, आणि तुम्ही मान कसली घेऊन बसलात? शाळेत शिकवतील की."

बरोबरच होतं तिचं. काकांनी पुन्हा फोन केला नाही. सुरुवातीला ओशाळल्यामुळे केला नाही. नंतर कारण बदललं, आणि ते त्यांनी बाईंनाही सांगितलं नाही. धाकटीने पुढे दुसरं लग्न केलं, माणूस चांगला मिळाला, त्याच्या बदलीबरोबर ती मंडळी आणखी लांब गेली. फोनवर भिंगरी धडा म्हटल्यासारखी बोलायची, "हॅलो काका, मी बरी आहे, तुम्ही बरे आहात ना, आईला देते." दहा वर्षांची असताना एकदा येऊन गेली, उभ्या उभ्या. काकांनी बशी, पेन्सिल, पुठ्ठा काढून ठेवला होता. "तुझा गोल राहिलाय," ते म्हणाले. तिने गोंधळून आईकडे पाहिलं. "गोल? तो येतो मला," ती म्हणाली आणि हातातलं पुस्तक वाचू लागली. ती कंपासाने काढायच्या गोलाबद्दल बोलत होती, आणि ते खोटं नव्हतं. जगात गोल शिकवणारे दुसरेही असतात.

"पाच वर्षांच्या पोराला काय आठवणार?" बाई म्हणाल्या. "आपल्याला आठवतंय ना, तेवढं पुरे."

काकांना ते पुरत नव्हतं. इतकी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, कुणी वळून ओळख दाखवली नाही तरी त्यांचं काही बिघडलं नव्हतं. या एका पोरीत ती दोन वर्षं कुठेतरी, भले कोपऱ्यात का होईना, असावीत एवढंच त्यांना हवं होतं. आणि कधीकधी, कारखान्यात नमुना कापताना स्वतःची मान कलली की त्यांना वाटायचं, तिचीही अजून कलत असेल. असू दे. शिक्षकाने आपलीच चूक टिकावी अशी इच्छा धरणं शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

कारखान्यातून निवृत्त होताना मालकांनी त्यांना खास डाव्या हाताची कात्री मागवून भेट दिली. आयुष्यभर उलट्या कात्रीने सुलट कापलेल्या हाताला ती सुलटी कात्री उलटी वाटली. ती त्यांनी कपाटात ठेवली. आता ते अकरा वाजता पिशवी घेऊन येत नसत, सकाळपासून तिथेच असत, आणि बाईंना वाटायचं, कारखाना काय वाईट होता.

मग एका सकाळी धाकटीचा फोन आला. भिंगरी कामाला लागली होती, चष्म्याच्या मोठ्या दुकानात, लोकांचे डोळे तपासायची. त्या कामाच्या प्रशिक्षणासाठी तुमच्या गावात येतेय, तासभर डोकावून जाईल. काकांनी दाढी केली, मग बशी शोधली. बाई म्हणाल्या, "अहो, ती तेवीस वर्षांची आहे." काकांनी बशी जागेवर ठेवली आणि तिच्यात कप ठेवला, जणू त्यासाठीच काढली होती.

ती आली तेव्हा वर्ग ऐन रंगात होता. उंच, हसरी, खांद्याला बॅग. वाकून दोघांना नमस्कार केला, खुर्ची नको म्हणून चटईवरच बसली, चहा घेतला. खोलीभर नजर फिरवली. दार, कडी, खोक्याची शेळी.

"काही आठवतंय का गं?" बाईंनी विचारलं. काकांना जे विचारायचं होतं ते त्यांनीच विचारून टाकलं.

"खरं सांगू, मावशी? नाही हो. आई खूप सांगते, मी इथे होते, तुम्ही किती केलंत. मी आठवून बघते. नाहीच येत." ती ओशाळून हसली. "वाईट वाटलं का, काका?"

"छे," काका म्हणाले. "मला तरी कुठे मी पाच वर्षांचा असतानाचं आठवतंय?" हे खरं नव्हतं. पट्टी त्यांना चांगली आठवत होती.

तेवढ्यात एक चिमुरडी पाहुणीपुढे येऊन उभी राहिली. सगळे तिला मुंगी म्हणत. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ही ताई चष्मे करते. तिने पुठ्ठ्याचा तुकडा पुढे केला. "मला पण चष्मा."

"अगं, मी डोळे तपासते. चष्मा मशीन करतं."

"मशीन कुठंय?"

"इथे नाहीये."

"मग तू कर."

भिंगरीने काकांच्या कपाखालची बशी घेतली, उपडी ठेवली. मुंगी म्हणाली, "एवढा मोठा डोळा हत्तीचा असतो," म्हणून बशी बाजूला सारून संपलेला कपच उपडा केला, दोन गोल काढले आणि कप काकांना परत दिला. मुंगीने तिला कात्री दिली, पाती मुठीत धरून. भिंगरीने ती घेतली, अंगठा वर.

आणि तिची मान उजवीकडे कलली. जिभेचं टोक बाहेर आलं.

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. बाईंनी पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा पोरीकडे पाहिलं. कात्री अर्ध्या वाटेवर रेघ सोडून बाहेर गेली, मग घाबरून आत आली, आणि गोलाचा बटाटा झाला.

"बघितलंत?" भिंगरी स्वतःवरच हसत होती. "हे माझं जन्माचं दुखणं. सरळ म्हणून कापता येत नाही. दुकानात सगळे चिडवतात, लोकांचे डोळे तपासतेस, आधी स्वतःचे बघ. आणि मी बघितले हो! मान तिरकी करून बघणाऱ्यांच्या डोळ्यांत कधीकधी दोष असतो, म्हणून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही नाही. दोन्ही डोळे उत्तम. आई म्हणते, कुठून उचललीस ही सवय, देव जाणे."

देव जाणत असेल; पण खोलीत आणखी दोघं जाणत होती. काकांना बोलायचं होतं आणि नव्हतं. सांगितलं की मान सरळ होणार. आणि तिच्यात या घराचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, हे नुकतंच कळलं होतं. गप्प राहिलं तर ती आयुष्यभर बटाटे कापणार. बाईंनी पोरांची नाकं पुसायच्या रुमालाची दोनदा घडी केली.

"ती मान तुझी नाही," शेवटी काका म्हणाले. "माझी आहे."

"म्हणजे?"

काका उठले, तिच्यासमोर मांडी घालून बसले, डाव्या हातात कात्री घेतली आणि कातरणातला एक तुकडा कापू लागले. मान डावीकडे, जीभ बाहेर. कितीतरी वर्षांनी ते कुणाच्या तरी समोर बसून कापत होते. भिंगरी बघत राहिली. बघता बघता तिची मान आपोआप उजवीकडे गेली, आरशातल्यासारखी, आणि ती गेली आहे हे तिला या वेळी कळलं. तिने गालाला हात लावून मान थांबवली.

"अगंबाई," ती म्हणाली.

"मला तसं बघावं लागतं, डाव्या हातामुळे. तुला गरज नव्हती. मी समोर बसायचो, तू माझं बघून उचललंस. आम्हाला कळलं तोवर तू गेली होतीस. मान सरळ ठेव. रेघ तुझ्या समोरच आहे."

ती कात्रीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "आठवत नाही. पण मी होते इथे."

"होतीस तर," बाई म्हणाल्या. "माठाला माळा घालायचीस."

बटाटा शेळीला घातला. भिंगरीने दुसरा पुठ्ठा घेतला, नवे गोल काढले आणि मान ताठ धरून बसली, तपासणीच्या खुर्चीत बसवतात तशी. कात्री जागेवर, पुठ्ठा फिरतोय. काकांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं, रस्ता वळवायचा. गोल पुरा झाला. कुठेही पोचा नव्हता. ती तो उजेडाकडे धरून बघत राहिली, वीसेक वर्षांचं दुखणं पाच मिनिटांत गेलेल्या माणसासारखी, म्हणजे थोडी आनंदात आणि थोडी हिरमुसून.

"एकच झाला," मुंगी म्हणाली. तिचं लक्ष कामावर होतं. "मला दोन डोळे आहेत."

दुसरा गोल सुरू झाला. मान ताठ. रेघेवरून सुसर नीट निघाली. "काका," कापता कापता भिंगरी म्हणाली, "मी तेव्हा फार रडायचे का हो?"

काका सांगू लागले. रडायचीस कसली, कडीला लोंबकळायचीस. रस्त्याकडे बघायचीस. मग शेळीचं पोट दुखेल म्हणालीस. ती ऐकत होती, मधेच "खरंच?" म्हणत होती, आणि ऐकता ऐकता तिची मान हळूहळू, जराही आवाज न करता, उजवीकडे कलत गेली. जिभेचं टोक बाहेर आलं. सुसरीने रस्ता सोडला.

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी कप तोंडाला लावला.

चष्मा तयार झाला. एक डोळा चंद्रासारखा, दुसरा पुन्हा बटाट्यासारखा, मधे नळीचा तुकडा, कानाला दोरे. मुंगीने तो लावला, खोलीला एक चक्कर मारली आणि सगळं स्वच्छ दिसत असल्याचं जाहीर केलं. भिंगरीने घड्याळ पाहिलं. कात्रीची पाती मुठीत धरून तिने दांडी काकांपुढे केली. तसं करायचा तिने विचारही केला नसावा. "पुढच्या वेळी जास्त वेळ काढून येते," ती म्हणाली, आणि ती खरंच तसं म्हणत होती. काकांनी ते शब्द आधी एकदा ऐकले होते, तेव्हाही ते खरेच होते. ते म्हणाले, "ये. त्रिकोण राहिलाय."

"त्रिकोण येतो मला!"

"येत असेल. राहिलाय तरीपण."

ती हसत गेली. बाईंनी पोरांच्या चटया गुंडाळल्या, काकांनी कातरण गोळा केलं. खोली पुन्हा खोली झाली.

"दुसऱ्या गोलाला का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"मी चहा पीत होतो."

"कप मघाशीच पालथा केला होता तिने. गोल काढायला."

काकांनी कप उचलून आत पाहिलं. काठाला पेन्सिलीची काळी रेघ लागली होती. त्यांनी तो खाली ठेवला आणि खिडकीशी गेले. गज मधे येत होता, म्हणून मान जराशी डावीकडे कलती केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. तिथे आता कुणी नव्हतं. ते थोडा वेळ तसेच बघत राहिले.